ज्याच्या त्याच्या कानाजोगं

लोक माझ्यावर खूश आहेत हे कळलं, तेव्हाच मला पहिल्यांदा संशय आला.

आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा कामगारांचं गुप्त मत घेतात. साहेब कसा वाटतो, त्याच्या हाताखाली काम करायला आवडतं का, असलं काहीबाही. त्यात सगळ्या विभागप्रमुखांत मी पहिली आले. मी, मृदुला साखवळकर! पुण्यातल्या दोन कंपन्यांनी माझ्या तोंडाला कंटाळून मला नारळ दिला होता. ज्या आत्यानं हौसेनं माझं नाव ठेवलं, तीसुद्धा पुढे माझ्यासमोर यायचं टाळायची. सांगलीला आईला फोन करून निकाल सांगितला, तर ती म्हणाली, "नीट बघ गं. दुसऱ्या कुणाचं नाव असेल."

मी ते हसण्यावारी नेलं नाही. मी मुळातच संशयी आहे. फळवाल्यानं आपणहून चांगली पपई काढून दिली, तर मी ती ठेवून दुसरी घेते. पण माणूस कितीही संशयी असला तरी स्वतःच्या कौतुकापुढे जरा ढिला पडतो. मीही पडले. कोल्हापूरचं पाणी मानवलं असेल, असं म्हणून विषय सोडून दिला.

कारखाना म्हणजे कोल्हापूरजवळची नेजदारांची फाउंड्री. पंपांचे आणि झडपांचे लोखंडी भाग ओतायचे, हे आमचं काम. साचे भरायला यंत्रमानव आले होते, भट्टी विजेवर चालत होती. पण आमची कामं छोटी आणि रोज वेगळी, त्यामुळे वितळलेलं लोखंड ओतायला अजून माणसंच होती. त्या भट्टी विभागाची मी प्रमुख. मी वर काचेच्या केबिनमध्ये, माणसं खाली. खाली एवढा गोंगाट की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि धुळीसाठी प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. म्हणून सगळ्यांच्या कानांवर 'सुसंवाद' नावाचे हेडफोन असायचे. ज्याचा त्याचा वेगळा, कानाचा आकार आणि नाडी ओळखणारा. तो लावल्याशिवाय आतलं दार उघडत नसे. तो उतरायचा फक्त जेवताना, आणि आम्हा अधिकाऱ्यांची जेवणाची जागाच वेगळी होती. माझ्याही केबिनमध्ये एक होता. नोकरीच्या मुलाखतीत मालक धैर्यशील नेजदार म्हणाले होते, "हे यंत्र गोंगाट गाळतं आणि बोलणं स्वच्छ करतं."

स्वच्छ म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात अपघात झाला. भट्टीवर आप्पासो शिरगुप्पे होते. आमच्याकडचा सगळ्यांत जुना माणूस, कमी बोलणारा आणि भलताच मानी. त्यांच्याबरोबर त्यांचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, पद्माक्कांचे, यजमान जिन्नाप्पा मगदूम. इचलकरंजीतला माग बंद पडल्यावर आप्पासोंनीच शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं होतं. त्यामुळे वयानं मोठे असूनही कामात ते नवखे होते.

वितळलेलं लोखंड भट्टीतून ज्या मोठ्या भांड्यात घेतात, त्याला लॅडल म्हणतात. त्याला आतून मातीसारखं अस्तर असतं. अस्तर नव्यानं लावलं की जाळ देऊन ते पूर्ण सुकवावं लागतं. थोडी जरी ओल राहिली आणि वरून लोखंड पडलं, तर त्या ओलीची क्षणात वाफ होते आणि लोखंड चारी बाजूंना उडतं. त्या दिवशी सुकवायचा जाळ मध्येच विझला होता. मला ते वर पडद्यावर दिसलं तेव्हा आप्पासोंचा हात भट्टी कलवायच्या दांड्यावर होता. मी दोघांची बटणं एकदम दाबली आणि जीव खाऊन ओरडले.

"थांबा! ओतू नका! लॅडल ओलं आहे!"

जिन्नाप्पा जागच्या जागी थांबले. आप्पासोंनी लॅडलमध्ये डोकावून बघितलं, जरा विचार केला आणि दांडा ओढला. त्यांचा हात धरायला जिन्नाप्पा पुढे धावले, तेवढ्यात लोखंड उडालं. आप्पासोंना खरचटलंही नाही. जिन्नाप्पांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि उजवा डोळा राहील की जाईल हे डॉक्टर सांगेनात.

आप्पासोंचं म्हणणं एकच. "मॅडम थांबा म्हणाल्याच न्हाईत. त्या म्हणाल्या, आप्पासो, लॅडलवर जरा नजर टाका, तुमचा अनुभव मोठा, योग्य वाटेल ते करा. म्या बघितलं, वरनं कोरडं दिसलं, म्हणून ओतलं."

माझ्या माइकवरचं ध्वनिमुद्रण सगळ्यांना ऐकवलं. त्यात माझं ओरडणं स्वच्छ होतं. शिवाय दवाखान्यातून जिन्नाप्पांनीही जबाब दिला, "मॅडम वरडल्या. म्या माझ्या कानानं ऐकलं. ह्यो थांबला न्हाई." झालं. नवऱ्याच्या डोळ्यावर भावाच्या हेकटपणापायी बेतलं, हे पद्माक्कांच्या मनात पक्कं बसलं. त्यांनी निरोप पाठवला, "ह्या भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नगंस. हितनं फुडंबी नगं."

माझा संताप मावत नव्हता. चूक कुणाच्याही हातून होते, पण भाजलेल्या माणसासमोर धडधडीत खोटं बोलायचं? चौकशी होईपर्यंत आप्पासोंना घरी बसवायचा हुकूम निघाला, त्या दिवशी मी केबिनमधून त्यांच्याशी बोलले. "तुम्ही खोटारडे आहात," मी म्हणाले. "लाज वाटायला पाहिजे तुम्हाला."

 खालून त्यांचा भरून आलेला आवाज आला. "मॅडम, तुमच्या मनात माझ्याबद्दल येवढी माया हाय, तर मग मालकांम्होरं असं का सांगितलासा?"

मला वाटलं, म्हातारा वर माझी टिंगल करतोय.

चौकशीच्या अहवालावर माझी सही हवी होती. सही झाली की आप्पासोंची नोकरी जाणार आणि पोलीस केस होणार. सगळा पुरावा समोर होता, तरी माझा पेन अडत होता. इतक्या वर्षांत ज्यानं एक साचा वाया घालवला नाही, तो माणूस उगाच दांडा कसा ओढेल? मालक त्या दिवशी खाली भट्टीवर फिरत होते. माझ्या कानात त्यांचा आवाज आला, शांत आणि समजूतदार. "मृदुलाताई, घाई नाही. तुमच्या मनाला पटेल तेच करा. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

उभ्या जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी सही करून टाकली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे भट्टी थंड असते. यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, लॅडललासुद्धा कुंकू लागतं. कुणाच्या तोंडाला मास्क नसतो. दोन वर्षांपासून हेडफोनही पूजेला लागतात, ताटात ओळीनं मांडून. गेल्या वर्षी मी रजेवर होते, त्याच्या आदल्या वर्षी रुजूच झाले नव्हते. म्हणजे भट्टी बंद, कान मोकळे, आणि मी खाली माणसांत, असं पहिल्यांदाच घडत होतं.

साच्यांच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करणारी राजश्री भट्टीला हार घालत होती. हार तिरका गेला. मी नेहमीसारखं म्हणाले, "सरळ घाल की गं! डोळे घरी ठेवून आलीस का?"

राजश्रीचा हात तिथेच थांबला. आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली, जणू पूजेत कुणी परकी बाई घुसली होती.

"मॅडम, बरं न्हाई का तुमास्नी?" राजश्री हळूच म्हणाली.

"मला काय झालंय?"

"न्हाई, घसा... आनि असं कधी बोलत न्हाईसा तुमी. रोज ताई, ताई म्हणून किती गोड सांगता."

"मी? गोड?"

क्रेन चालवणारा तानाजी हसला. "कुठल्या गोड? मॅडम म्हंजे एक घाव दोन तुकडे. हे कर, ते कर, येवढ्या वाजता पायजे. पण आवाज असा फाटका न्हवता बगा."

"गप रं," राजश्री त्याच्यावर उखडली. "मॅडम कधी आवाज चढवत न्हाईत."

दोघं माझ्यासमोर माझ्यावरून भांडत होते, आणि दोघांपैकी कुणीच माझ्याबद्दल बोलत नव्हतं.  मला आप्पासोंचं ते 'येवढी माया हाय' आठवलं.

मी पूजेच्या ताटातून दोघांचे हेडफोन उचलले. गुरुजी "अहो, अहो" म्हणत राहिले. "हे लावा," मी म्हणाले, "आणि कानात जे ऐकू येईल ते जसंच्या तसं मोठ्यानं बोला." मी वर केबिनमध्ये गेले, खिडकी उघडी ठेवली आणि माइकवर म्हणाले, "उद्या साचे नीट तपासा. परत गचाळपणा चालणार नाही."

खालून राजश्री म्हणाली, "राजश्रीताई, तुमच्याइतकं नीट काम कुणाचं नसतं. उद्या साच्यांवर एक नजर टाकाल ना?"

तानाजी म्हणाला, "तानाजी, साचे तपास. दुपारपर्यंत मला झालेलं पाहिजे."

मी खुर्चीत बसले. माझ्या नावावर दोन वर्षं कोण बोलत होतं, हे मलाच माहीत नव्हतं.

यंत्र काय करत होतं ते मी नंतर खोदून खोदून काढलं. माणसांकडून काम करून घ्यायची एकच पद्धत सगळ्यांना चालत नाही, हे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून आहे. ज्याला काम येत नाही त्याला स्पष्ट हुकूम द्यावा. ज्याला येतं पण ज्याचं मन लागत नाही, त्याला गोंजारावं, विचारात घ्यावं. जो कामात मुरलेला आणि मानी आहे, त्याच्यावर सोपवून बाजूला व्हावं. हाडामांसाच्या साहेबाला हे जमत नाही, कारण त्याचा स्वभाव एकच असतो. सुसंवादनं तो प्रश्नच मिटवला. प्रत्येकाची नाडी, श्वास, उत्तर देताना लागणारा वेळ, आवाजातला ताण हे सगळं ते महिनोन्महिने मोजत राहिलं आणि त्यावरून कोण हुकमानं हलतो, कोण कौतुकानं, कोण मोकळीक दिल्यानं, हे त्यानं ताडलं.

मग साहेब बोलला की डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात त्याचं वाक्य उचलायचं, अर्थ शक्य तितका ठेवायचा, घडण बदलायची आणि साहेबाच्याच आवाजात ऐकणाऱ्याच्या कानाजोगं करून सोडायचं. साहेबाकडून हाताखालच्याकडे जाणारं बोलणं बदलायचं, हाताखालच्याचं साहेबाकडे येणारं नाही. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

पण त्या दिवशी मला एवढं शास्त्र कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की मी एका खऱ्या माणसाला खोटारडा म्हणून सही केली आहे. मी ताटातून आप्पासोंचा आणि जिन्नाप्पांचा हेडफोन घेतला, केबिनमधली माइकची पेटी, म्हणजे सुसंवादचं यंत्रच, काढली आणि गाडी आप्पासोंच्या गावाच्या, रुकडीच्या, रस्त्याला लावली.

आप्पासो ओसरीवर एकटेच बसले होते. मी सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत राहिले.

"ह्योच आवाज व्हय तुमचा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हाच."

"मग त्यो कुणाचा?"

"कुणाचाच नाही. उठा, पद्माक्कांकडे जायचंय."

"आक्का दारात उभी करायची न्हाई मला."

"मी विचारलं नाही तुम्हाला!" मी ओरडले. "उठा म्हटलं ना?" माझ्या तोंडचा खरा हुकूम त्यांनी पहिल्यांदा ऐकला, आणि काय वाटलं कोण जाणे, ते मुकाट्यानं उठले.

पद्माक्कांचं घर दोन गल्ल्यांपलीकडे. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "मॅडम, तुमी आत या. त्यो न्हाई."

"तो बाहेरच राहू दे," मी म्हणाले. "तुम्हीही इथेच थांबा, मधोमध." आत खाटेवर जिन्नाप्पा बसले होते, हाताला आणि डोळ्याला पट्टी. त्यांच्या कानांवर त्यांचा हेडफोन चढवला. बाहेर पायरीवर आप्पासोंनी आपला चढवला. दोन्हींवर सकाळचं हळदकुंकू तसंच होतं. मी पेटी घेऊन गोठ्यापर्यंत गेले आणि त्या दिवशी ओरडले होते तशीच ओरडले.

"थांबा! ओतू नका! लॅडल ओलं आहे!"

म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. आतून जिन्नाप्पांचा आवाज आला, "थांबा, ओतू नका, लॅडल ओलं आहे." आणि त्याच वेळी पायरीवरून आप्पासो म्हणाले, "आप्पासो, लॅडलवर एक नजर टाका. तुमचा अनुभव मोठा आहे. योग्य वाटेल ते करा."

पद्माक्कांनी आत बघितलं, बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. "परत म्हणा," त्या म्हणाल्या.

मी परत ओरडले. परत तेच. तिसऱ्या वेळी पद्माक्का उंबऱ्यातून उतरल्या, पायरीवर भावाशेजारी बसल्या, त्याचा एक कान जरासा मोकळा केला आणि त्याच्या गालाला गाल लावून हेडफोनमधलं बोलणं स्वतः ऐकायला लागल्या. माझं ओरडून कधीच झालं होतं, तरी त्या तशाच बसून राहिल्या. आप्पासोंची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. आत जिन्नाप्पा विचारत होते, "काय झालं गं? काय म्हणतोय त्यो?"

"खरं बोलतोय," पद्माक्का म्हणाल्या. "पहिल्यापासनं खरंच बोलत हुता."

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि भावाला म्हणाल्या, "पाय धू. वाढते."

मलाही त्यांनी सोडलं नाही. पानावर बसले, तेव्हा त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "मॅडम, आनि तुमच्या कानात मालक काय बोलत हुतं?"

मी हातातला घास परत पानात ठेवला. इतकी संशयी मी, आणि हे एकच मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन मी मालकांच्या बंगल्यावर गेले. घरात हेडफोन नसतो, म्हणून मुद्दाम. त्यांचा खरा आवाज मी नोकरीच्या मुलाखतीनंतर प्रथमच ऐकला. बारीक आणि घाईचा होता.

"सही करायच्या दिवशी तुम्ही मला नक्की काय म्हणालात?" मी विचारलं.

ते आधी टाळत होते. करारात सगळं आहे, उत्पादन केवढं वाढलं, लोक तुम्हालाच पहिला नंबर देतात, असं बरंच बोलले. मी जागची हलले नाही.

"आणि 'थांबा' म्हटलेलंसुद्धा बदलतं तुमचं यंत्र?"

आता ते चिडले. "धोक्याचं ओरडणं ते तसंच सोडतं. पण तुम्ही दिवसभर ओरडता, मॅडम. तंबाखू थुंकला, थांबा. झाडू चुकीच्या जागी ठेवला, थांबा. तुमचं ओरडणं म्हणजे धोका नव्हे, तो तुमचा स्वभाव, असं ते शिकलं. जिन्नाप्पा नवखे, त्यांना हुकूमच लागतो, म्हणून त्यांना जसंच्या तसं गेलं. आता यात माझी काय चूक?"

हे मला लागलं. अजून लागतं. पण माझा स्वभाव मी कुणापासून लपवला नव्हता. लपवला तो यांनी, मला न विचारता. आप्पासोंनी मला नुसतं एकदा ओरडताना ऐकलं असतं, तर माझा आवाज काय चीज आहे हे त्यांना ठाऊक असतं.

"तुम्ही मला काय म्हणालात ते सांगा," मी म्हणाले.

"सही करा म्हणालो!" ते फाडकन बोलले. "मुकाट्यानं सही करा, नाहीतर आप्पासोबरोबर तुम्हीही घरी. असं म्हणालो. पुढे?"

असं तोंडावर म्हटलं असतं, तर मी पेन त्यांच्या टेबलावर आपटून निघून गेले असते. यंत्राला हे माहीत होतं. मला दटावलं की मी उलटते, आणि मोकळीक दिली की पाघळते, हे माझ्या आईलाही इतकं नेमकं कळलेलं नाही. मला त्या यंत्राची भीती वाटली आणि स्वतःची कीवही आली. जन्मात एकदा कुणी विश्वास टाकला, असं वाटलं होतं. तोही कुणाचा नव्हता.

पानं त्यांच्या हातावर ठेवून मी म्हणाले, "मी सही मागे घेतेय. कारखाना निरीक्षकांकडे जबाबही देणार आहे."

"हे करून तुम्हाला इथे राहता येणार नाही."

"आत्ता कसं," मी म्हणाले. "आत्ता तुमचं बोलणं मला नीट समजलं."

चौकशी सुरू असेपर्यंत त्यांना मला काढता आलं नाही, आणि चौकशी लांबत गेली. निरीक्षकांच्या हुकमानं हेडफोन आता नुसता गोंगाट गाळतात. ते मी दर सोमवारी खाली जाऊन, माणसांना एकेक वाक्य बोलून दाखवायला लावून तपासते. जिन्नाप्पांचा डोळा वाचला, पण अधू राहिला. भाऊबीजेला आप्पासो बहिणीच्या दारात होते, आणि आता ते परत भट्टीवर आहेत. उत्पादन घटलं, हेही खरं. राजश्री माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि कधी कधी मला वाटतं, तिला त्या दुसऱ्या बाईची आठवण येते.

यंदाच्या मतात मी सगळ्यांत खाली आले. तक्रारींचा ढीग होता, त्यात एकच ओळ वेगळी होती. 'बाई तोंडानं फाटक्या हायत, पण थांबा म्हणल्या की थांबायचं.' ती कुणाची हे कळायला मार्ग नाही. मला संशय आहे, पण मी विचारलं नाही.

आईला फोन करून निकाल सांगितला.

"हां," ती म्हणाली. "आता ते तुझंच नाव."